‘गाडी इकलंय, पन नाव अजून माजाच आसा’ : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत गाडी नावावर करण्याचे प्रश्न सगळ्यात जास्त आहेत. कारण उघड आहे, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, जुनी गाडी इकडेच कोणाला तरी देऊन जातात, व्यवहार अंगणात खुर्ची टाकून होतो, चहा होतो, पैसे मोजले जातात आणि चावी हातात दिली की सगळ्यांना वाटतं झालं. आरटीओचा विषय निघतो तो वर्षभराने काहीतरी अंगाशी आल्यावर. म्हणून हा पूर्ण अंक त्याच विषयाला दिलाय. नावं कोणाचीच छापत नाही, गाव तेवढं लिहितो.

प्रश्न : गेल्या गणपतीत स्कूटर इकलंय, वळखीच्याच माणसाक. पैशे मिळाले, कागद दिलंय, सही पन केलंय. पन मोबायलवर चलान माकाच येतत. नाव अजून माजाच आसा. आता काय करूचा? (मालवण)

काका, तुमचं पत्र जसंच्या तसं छापलंय कारण यात जी परिस्थिती आहे ती शंभरातल्या कितीतरी घरांत आहे आणि लोक ती हलक्यात घेतात. चलान ही त्यातली सगळ्यात छोटी गोष्ट आहे हो. चलान भरून माणूस सुटतो. उद्या त्या स्कूटरने कोणाला ठोकलं, माणूस दगावला, तर नोटीस तुमच्या दारात येणार. आणि तिथे ‘मी विकली होती’ हे सांगून सुटका होत नाही, हे नीट लक्षात घ्या.

मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या कलम २ (३०) मध्ये मालक कोण याची व्याख्या आहे, ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो मालक. २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात यावर स्पष्ट निकाल दिलाय. त्या प्रकरणात गाडी एकाने विकली २००७ मध्ये, मग ती एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी फिरत गेली, नाव मात्र कोणीच बदललं नाही, २००९ मध्ये अपघात झाला. कोर्टाने सांगितलं की अपघातात ज्याचं नुकसान झालंय त्याने एकामागून एक खरेदीदार शोधत बसायचं नाही, रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे तो जबाबदार. म्हणजे दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची भरपाई पहिल्या मालकावर आली.

आता करायचं काय ते सांगतो. ज्यांना दिली ते ओळखीचे आहेत म्हणता, तर पहिल्यांदा त्यांच्या घरी जा, भांडायला नाही, सोबत बसून अर्ज भरायला. वाहनच्या वेबसाइटवर म्हणजे परिवहनच्या पोर्टलवर मालकी हस्तांतरणाचा अर्ज भरता येतो, त्यात तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो म्हणून तुम्ही लागताच. तुमचा जुना नंबर बंद झाला असेल तर आधी रेकॉर्डला नवीन मोबाइल नंबर लावून घ्या, बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं. विकणाऱ्याचा फॉर्म २९, दोन प्रतींत, आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३०. सोबत आरसी म्हणजे गाडीचं नोंदणी पुस्तक किंवा कार्ड, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आधार-पत्त्याचे पुरावे, चासी नंबरचा म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा पेन्सिल प्रिंट. दुचाकीची ट्रान्सफर फी १५० रुपये आहे, चारचाकी खासगी गाडीची ३००, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. उशिराचा दंड बसेल तो भरा. एजंट जास्त मागतो ती त्याची मजुरी, ती द्यायची की नाही तुमची मर्जी, पण सरकारी फी किती ते माहीत असू दे म्हणजे बोलताना पाय घट्ट राहतात.

कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. हे दोघांचं वेगवेगळं काम आहे. आपल्याकडे सगळे समजतात नावावर करणं ही घेणाऱ्याचीच जबाबदारी, विकणारा सही करून मोकळा. तसं नाहीये.

आणि समोरचा ऐकतच नसेल तर? मग तुम्ही एकट्याने फॉर्म २९ भरून, विक्रीची तारीख, घेणाऱ्याचं नाव पत्ता, पैसे मिळाल्याचा पुरावा असं सगळं जोडून जिथे गाडी नोंदलेली आहे त्या आरटीओला लेखी द्या. प्रत्यक्ष जाऊन शिक्का मारून पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. एक प्रत तुमच्या पोलीस ठाण्यात. याने तुमचं नाव रेकॉर्डवरून जाणार नाही, हे खोटं आश्वासन मी देणार नाही, पण कधी वेळ आलीच तर त्या तारखेनंतर गाडी तुमच्या ताब्यात नव्हती आणि तुम्ही ते कळवलं होतं याचा कागद तुमच्याकडे असेल.

आणखी एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. नाव बदलत नाही तोवर त्या स्कूटरचा थर्ड पार्टी इन्शुरन्स संपू देऊ नका. गाडी दुसरा वापरतोय आणि प्रीमियम मी का भरू असं वाटणं साहजिक आहे. पण इन्शुरन्स चालू असेल तर अपघातग्रस्ताला भरपाई कंपनी देते, नसेल तर तुमच्या घरादारावर येतं. स्कूटर १ सप्टेंबर २०१८ नंतरची असेल तर नवीन घेतानाच ५ वर्षांचा थर्ड पार्टी काढलेला असतो, तो कधी संपतो ते आज बघा.

प्रश्न : मुंबईतला मामेभाऊ त्याची कार मला देतोय. घरातलीच आहे म्हणून काय काय बघायचं असं विचारायला लाज वाटते. (संगमेश्वर)

लाज कसली, घरातलं आहे म्हणून तर आधी विचारा, नंतर वाईटपणा नको. आधी एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका, मालकाच्या नावाची काही अक्षरं, इन्शुरन्स कधीपर्यंत, फिटनेस कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलान किती पेंडिंग आहेत ते बघा, मुंबईच्या गाड्यांवर आणि एक्सप्रेसवेला जाणाऱ्या गाड्यांवर कॅमेऱ्याची चलानं साचलेली असतात आणि मालकालाही पत्ता नसतो. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा, ती नसेल तर आपल्या राज्यात ट्रान्सफरचं काम अडवून ठेवतात. कारसाठी त्या प्लेटचे ७४५ रुपये अधिक जीएसटी, ते कोणी भरायचे ते आधीच बोलून घ्या.

गाडी मुंबईची असली तरी राज्य एकच आहे त्यामुळे नंबर बदलत नाही, एमएच ०२ असेल तर तोच राहणार. काही जणांना आपल्याच जिल्ह्याचा एमएच ०८ पाहिजे असतो, त्याच्या मागे लागू नका.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे चासी नंबर. खाऱ्या हवेने पत्रा खातो, किनाऱ्यावर राहिलेल्या गाडीचा चासी नंबर गंजून वाचता येत नाही आणि मग पेन्सिल प्रिंट उमटत नाही, इन्स्पेक्टर शंका घेतो. पैसे देण्याआधी तो नंबर स्वतः डोळ्यांनी बघा, आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा. आणि गाडी कधी पुरात होती का हे विचाराच. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं तेव्हा गाड्याच्या गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, मुंबईतही पाण्यात उभ्या राहणाऱ्या गाड्या कमी नाहीत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला मातीचा डाग राहतो, धुणाऱ्याचं तिथे लक्ष जात नाही. मॅट उचलून वास घ्या.

पैशाचं म्हणाल तर बँकेतूनच द्या, मामेभाऊ असला तरी. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात चालत नाही, त्यात घेणारा म्हणजे तुमचा भाऊ अडकेल. शिवाय मोटारगाडीच्या व्यवहारात पॅन लागू शकतो, दोघांनीही तो जवळ ठेवा. भावाला सांगा त्याचा फास्टॅग त्याने बंद करून घ्यावा, नाहीतर तुम्ही गोव्याला जाल आणि टोल त्याच्या खात्यातून कटेल.

प्रश्न : बांद्याला राहतो. म्हापशातून जीए पासिंगची कार घेतली. मध्यस्थ म्हणतो नावावर करायची गरज नाही, इकडे सगळेच जीए चालवतात. खरं आहे का? (बांदा)

चालवतात हे खरं आहे, गरज नाही हे खोटं आहे. सातार्डा, दोडामार्ग, बांदा या पट्ट्यात माणसं सकाळी कामाला गोव्यात आणि रात्री घरी, त्यामुळे जीए गाडी दिसणं नवीन नाही, पण गाडीचा मालक गोव्यात राहणारा असणं वेगळं आणि तुम्ही महाराष्ट्रात राहून दुसऱ्याच्या नावाची गाडी चालवणं वेगळं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचलंत तर कळेल की यात जास्त धोका तुमच्या विकणाऱ्याला आहे. पण धोका तुम्हालाही आहेच, कारण कागदोपत्री गाडी अजून त्याचीच, उद्या त्याच्यावर कोणाची वसुली लागली किंवा त्यानेच गाडी चोरीला गेली म्हणून लिहून दिलं तर तुम्ही काय दाखवणार?

दुसऱ्या राज्यात गाडी आणायची म्हणजे आधी एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८. ही तुम्ही नाही, विकणाऱ्याने ज्या आरटीओत गाडी नोंदलीय तिथून काढायची. अर्ज केल्यावर ३० दिवसांत त्यांनी हो की नाही कळवायचं असतं, काहीच कळवलं नाही तर कायद्याने एनओसी दिली असं धरतात, तरी हातात कागद असलेला बरा. विकणाऱ्याला कळवायची मुदत इथे ४५ दिवसांची आहे, १४ ची नाही. मग आपल्याकडे सिंधुदुर्गच्या आरटीओत, ओरोसला, फॉर्म २९ आणि ३० सोबत नवीन नंबरसाठी फॉर्म २७, आणि महाराष्ट्राचा टॅक्स. कुठलीही गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, हे कलम ४७ मध्ये आहे.

लोक गडबडतात ते टॅक्समध्ये. आपल्याकडे १० लाखांपर्यंतच्या नवीन खासगी पेट्रोल कारला किमतीच्या ११ टक्के, डिझेलला १३ टक्के असा टॅक्स आहे, जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे कमी होत जातो, पण तरी तो काही हजारांत येतो आणि नवी गाडी असेल तर लाखाच्या आसपासही जातो. म्हापशाला गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून आनंद होतो आणि ओरोसला तो सगळा निघून जातो. तुम्ही गाडी घेऊन टाकलीय म्हणता, तर मध्यस्थाला उरलेले पैसे एनओसी हातात येईपर्यंत देऊ नका. दिले असतील तर आजच मूळ मालकाचा नंबर मिळवून त्याच्याशी थेट बोला.

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. त्यांची कार दारात उभी आहे. मी, आई, मुंबईतला भाऊ आणि लग्न झालेली बहीण. कार विकायची आहे. वडिलांच्या सहीचे टीटी फॉर्म म्हणजे ट्रान्सफरचे २९-३० कपाटात आहेत, ते वापरू का? (गुहागर)

नको ताई. वडील गेल्यानंतरची तारीख टाकून त्यांची सही वापरणं हा गुन्हा ठरू शकतो आणि घेणाऱ्यालाही तुम्ही त्यात ओढाल. ते फॉर्म फाडून टाका.

आपल्याकडे सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव तसंच असतं, तीन पिढ्या कोणाला काही वाटत नाही, आंबे काढले जातात, भात लावलं जातं, तसंच गाडीचंही चालेल असं घराघरात धरून चालतात. पण जमीन कोणाला जाऊन धडकत नाही. मालक गेल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि आपण गाडी वापरणार आहोत हेही सांगायचं, म्हणजे ३ महिने गाडी वापरता येते, आणि त्या ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र. आई पण वारस आहे आणि लग्न झालेली बहीण पण वारस आहे, तिची सही नंतर घेऊ असं करू नका, माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत भावंडांची तोंडं फिरलेली असतात ती बहुतेक वेळा याच एका न घेतलेल्या सहीमुळे.

थेट वडिलांच्या नावावरून तिसऱ्याला विकायच्या भानगडीत पडू नका, आधी आईच्या किंवा तुमच्या नावावर करा, मग २९-३० वर विका. मुदत उलटली असली तरी काम होतं, दंड भरावा लागतो इतकंच. इन्शुरन्सचं मात्र लगेच बघा, मालक गेल्यावर पॉलिसी साधारण ३ महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालते. इन्शुरन्सची खात्री होईपर्यंत कार रस्त्यावर काढू नका, औषधं आणायला सुद्धा.

जाता जाता सगळ्यांसाठीच, २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावता येतो. घरात म्हाताऱ्या माणसाच्या नावावर गाडी असेल तर ते काम करून घ्या, बोलायला अवघड वाटतं पण नंतर घरच्यांची धावपळ कमी होते.

प्रश्न : आंब्याच्या सीझनला पिकअप पाहिजे होती. एकाने हप्ते चालू असलेली दिली, मी त्याला दीड लाख दिले आणि पुढचे हप्ते मी भरतोय, संपले की नावावर करायचं ठरलंय. स्टॅम्प पेपर केलाय. (देवगड)

दादा, हे वाचून खरंच काळजी वाटली. स्टॅम्प पेपर करा, नोटरी करा, साक्षीदार आणा, गाडीवर कर्ज असताना फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय ती नावावर होत नाही, कलम ५१ तसंच सांगतं. तुम्ही भरत असलेला प्रत्येक हप्ता त्याच्या कर्जात जमा होतो. उद्या त्याचे दुसरीकडचे हप्ते थकले, तो वारला, किंवा सरळ उलटला, तर ऐन मे महिन्यात पेट्या भरलेली गाडी वाशीच्या रस्त्यावर उचलून नेतील आणि तुमच्याकडे फक्त स्टॅम्प पेपर असेल.

तिघांनी एकत्र बसा, तुम्ही, तो आणि फायनान्सवाला. एकतर तुमच्या नावावर नवीन कर्ज करून जुनं फेडा, नाहीतर त्याचं कर्ज एकरकमी फेडून फायनान्सवाल्याकडून कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ आणि एनओसी घ्या आणि बोजा उतरवून मगच ट्रान्सफर. ती एनओसी जास्त दिवस ठेवू नका, साधारण ३ महिन्यांत शिळी होते. पिकअप म्हणजे ट्रान्सपोर्ट गाडी, तिचं फिटनेस चालू आहे का बघा. गाडीचं एकूण वजन मालासकट ३००० किलोच्या वर जात असेल तर परमिटही लागतं आणि तेही तुमच्या नावावर करून घ्यावं लागतं, आरसी झाली म्हणजे परमिट झालं असं होत नाही.

प्रश्न : रिक्षा घेतोय, परमिटसकट. आरसी नावावर झाली की बस ना? (खेड)

वरच्या उत्तरातली शेवटची ओळ तुमच्यासाठीच. परमिट आरटीओच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही, त्याचा वेगळा अर्ज. तो मंजूर होईल याची खात्री करून मगच परमिटचे पैसे मोजा, कारण रिक्षाची खरी किंमत त्या परमिटमध्ये असते.

प्रश्न : कार नावावर झाली, इन्शुरन्स जुन्या मालकाचा अजून ८ महिने आहे. नवीन काढू की चालेल? (अलिबाग)

थर्ड पार्टीपुरता तो गाडीबरोबर तुमच्याकडे आलाच, कलम १५७. पण १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची असते. नाही केली आणि परवा वडखळच्या पुढे गाडी ठोकलीत तर समोरच्याचं कंपनी देईल, तुमच्या गाडीच्या बंपर-बॉनेटचा क्लेम मात्र नाकारेल. नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट माणसाची असते, गाडीची नाही, ती जुना मालक घेऊन जाणार, म्हणून फरकाचे थोडे पैसे भरावे लागतात. भरून टाका.

प्रश्न : गाडी डीलरला दिली, त्याने अजून कोणाला विकली नाहीये. तोवर जबाबदारी कोणाची? (पेण)

१ एप्रिल २०२३ पासून आरटीओने अधिकृत केलेल्या डीलरला गाडी दिली आणि फॉर्म २९सी वरून ऑनलाइन कळवलं की विकेपर्यंत तो डीलरच मालक धरला जातो. चांगली सोय आहे, वापरा. पण डीलरकडे ते अधिकृत सर्टिफिकेट आहे का ते बघा, नुसता शोरूमचा बोर्ड बघून कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या देऊ नका. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करायची नाही.

प्रश्न : मागच्या पडवीत १९९८ ची स्कूटर सडतेय. भंगारवाला नेतो म्हणतो. दिली तर चालेल? (वेंगुर्ले)

नुसती देऊ नका. ती स्कूटर किंवा तिचा चासी नंबर कुठे दुसऱ्या गाडीवर बसला तर नाव तुमचंच निघेल. गाडी वापरातून कायमची गेली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला दिलीत तर ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला देतात, नवीन गाडी घेताना त्यावर सवलत पण मिळते. सेंटर लांब पडत असेल तर आधी आरटीओत नोंदणी रद्दचा अर्ज द्या, चासी नंबरचा पत्रा कापून त्यांच्याकडे जमा करायला सांगतील तो करा, आणि पोच मिळाल्यावर भंगारवाल्याला बोलवा.